बिडी, शुगर आणि हृदय : आपल्या रुग्णांच्या दुखण्याविषयी थोडे सविस्तर



कार्याची माहिती देण्यासाठी शहरातल्या मंडळ्यांमध्ये गेले की एक प्रश्न हमखास येतो. उपासना संपल्यावर चहाच्या वेळी कोणी वडीलधारे गृहस्थ विचारतात, "ताई, आदिवासी माणूस दिवसभर डोंगर चढतो-उतरतो, ज्वारी-मक्याची भाकरी खातो. त्याला कुठली आलीय शुगर आणि कुठला हार्ट अटॅक? ही तर आम्हा शहरवाल्यांची दुखणी." प्रश्न मायेपोटीच असतो. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या आपल्या गावांत आज ज्यांच्यासाठी आपण औषधांची मदत मागतो, त्यांत शुगर आणि हृदयविकार दोन्ही असलेले बरेच जण आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या खिशात बिडीचा कट्टा आहे. या तिन्हींचा एकमेकांशी संबंध काय, हे नीट समजावे म्हणून या तिमाहीचा लेख.

मी डॉक्टर नाही. रुग्णाला दवाखान्यात नेणे, डॉक्टर काय म्हणाले ते घरच्यांना त्यांच्या बोलीत समजावणे, आणि गोळ्या घेतल्या जातात की कणगीमागे पडून राहतात ते पाहणे, हे माझे काम. त्यामुळे जे लिहिते ते डॉक्टरांकडून समजून घेतलेले आणि घरोघरी पाहिलेले आहे.

आधी त्या प्रश्नाचे उत्तर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आला. शहरात प्रमाण जास्त आहे, खेड्यात कमी, पण खेडी सुटलेली नाहीत. डोंगरातले जेवणही बदलले आहे. भगर, नागली, ज्वारी मागे पडून रेशनचा तांदूळ ताटात आला. चहात साखर इतकी की चमचा उभा राहावा. पाड्यावरच्या टपरीत गोड बिस्किटांचे पुडे लटकतात. आणि शुगर जाड माणसालाच होते हाही गैरसमजच. आपले बहुतेक रुग्ण काटक, हाडकुळे आहेत. लहानपणी पोट भरले नाही अशा सडपातळ माणसांना होणारा मधुमेह वेगळ्याच जातीचा असू शकतो, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर अभ्यास करून २०२२ साली मांडले. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला 'टाइप ५' असे नावही दिले. मिशनच्या एका जुन्या दवाखान्यातून वाढलेल्या संस्थेने गरिबांच्या दुखण्याकडे इतके बारकाईने पाहिले, याचा मला तरी अभिमान वाटतो.

आता मुख्य मुद्दा. शुगर आहे आणि बिडीही आहे, म्हणजे दोन दुखणी शेजारी-शेजारी नांदतात असे आपण धरून चालतो. तसे ते नसते. ती एकमेकांना हात देतात.

याचा मोठा पुरावा २००४ साली समोर आला. डॉ. सलीम युसूफ हे मूळचे केरळचे, बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर. त्यांच्या नेतृत्वाखाली भारतासह ५२ देशांत 'इंटरहार्ट' नावाचा अभ्यास झाला. पहिला हार्ट अटॅक आलेले सुमारे १५ हजार रुग्ण आणि अटॅक न आलेली जवळजवळ तितकीच माणसे यांची तुलना करण्यात आली. धूम्रपान करणाऱ्याला अटॅकचा धोका २.८७ पट निघाला, मधुमेह असलेल्याला २.३७ पट, आणि रक्तदाब असलेल्याला १.९१ पट. मंडळीतल्या शाळकरी मुलांना मी हे आकडे देऊन विचारते, तिन्ही एकाच माणसाला असतील तर किती? मुले बेरीज करून सात म्हणतात. अभ्यासात उत्तर आले १३. म्हणजे गुणाकार. वाटल्यास कागदावर करून पाहा, जवळजवळ तेवढेच येते.

याच अभ्यासातून पुढे कळलेल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३व्या वर्षी आला होता, इतर देशांत जवळपास ५९व्या वर्षी. म्हणजे घरातला कर्ता माणूस मुलांची लग्ने व्हायच्या आत आडवा होतो. दुसरी, बिडी ओढणाऱ्यांचा धोका सिगारेटवाल्यांइतकाच, म्हणजे २.८९ पट होता, आणि नुसती तंबाखू चघळणाऱ्यांचाही दुपटीहून जास्त होता. "आम्ही काय सिगारेट थोडीच पितो, साधी बिडी" असे जे ऐकू येते, त्याला हे उत्तर आहे. बिडीत तंबाखू कमी असते हे खरे. पण तिचे पान सिगारेटच्या कागदासारखे हवा आत जाऊ देत नाही, म्हणून ती सारखी विझते. पेटती ठेवायला माणूस जास्त झुरके घेतो, खोल घेतो. शेवटी धूर, निकोटीन आणि विषारी वायू सिगारेटइतके किंवा त्याहून जास्तच पोटात जातात.

हे शरीरात कसे घडते? गावात समजावताना मी ठिबकच्या नळीचा दाखला देते, कारण खालच्या पट्ट्यातल्या शेतांत ठिबक आता सगळ्यांच्या ओळखीचे आहे. हृदय हा स्वतः एक स्नायू आहे. साऱ्या अंगाला रक्त पुरवताना त्याला स्वतःलाही रक्त लागते, आणि ते त्याच्या अंगावरून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून मिळते. या वाहिन्यांना आतून अगदी पातळ, गुळगुळीत अस्तर असते. रक्ताची गरज वाढली की हे अस्तर वाहिनीला सैल करते, आणि रक्ताला चिकटू देत नाही. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की हे अस्तर खरबरीत होते. ठिबकच्या नळीत क्षार बसतो तशी मग चरबी तिथे बसायला लागते. बिडीचा धूर त्याच अस्तरावर दुसऱ्या बाजूने घाव घालतो. जखम दोघांची एकाच जागी.

पुढे रक्ताचे. रक्तात गुठळी करणारे सूक्ष्म कण असतात, त्यांना प्लेटलेट म्हणतात. जखम झाली की रक्त थांबवतात ते हेच. मधुमेहात हे कण जास्त चिकट होतात. तंबाखूच्या धुरानेही होतात. एके दिवशी वाहिनीतला चरबीचा थर फुटतो, त्याला जखम समजून हे कण तिथे धावतात आणि क्षणात गुठळी होऊन वाट बंद. हाच हार्ट अटॅक.

तिसरी गोष्ट प्राणवायूची. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते, पण हा वायू त्याला प्राणवायूच्या दोनशेपटीहून जास्त जोराने चिकटतो. एसटी लागली की काही लोक खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसेच. गाडी भरलेली दिसते, पण आपला प्रवासी खालीच उभा. इकडे निकोटीन हृदयाला पळायला लावते, ठोके आणि रक्तदाब वाढवते, वाहिन्या आवळते. काम वाढवायचे आणि भाकरी कमी द्यायची, असा हा प्रकार. आधीच अरुंद झालेल्या वाहिनीला तो कसा झेपावा?

आणि शेवटचे म्हणजे बिडी शुगरही वाढवते. स्वादुपिंडातून येणारे इन्सुलिन साखर पेशींत पोचवते. धूम्रपानाने पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. धूम्रपान करणाऱ्यांना मधुमेह होण्याचा धोका ३० ते ४० टक्क्यांनी जास्त असतो, आणि ज्यांना आधीच आहे त्यांची साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते. गोळ्या वाढवत राहायचे आणि बिडी तशीच, हे फुटक्या हंड्यात पाणी भरण्यासारखे.

हे सारे वाचून वाटेल की अशा माणसाच्या छातीत दुखत असेल आणि तो वेळीच दवाखाना गाठेल. इथेच आपल्या भागात सगळ्यात मोठी फसगत होते. बरीच वर्षे शुगर असली की नसा बधिर होतात. पायाच्या बधिर होतात, तशाच हृदयाची वेदना मेंदूपर्यंत नेणाऱ्याही. मग अटॅक येतो पण दुखत नाही, किंवा अगदी कमी दुखते. एकदम दम लागतो, घाम सुटतो, मळमळते, चार पावले चालवत नाही. बायांमध्ये असे जास्त दिसते. घरचे म्हणतात गॅस झाला, उन्हाने झाले, कोणाची नजर लागली. कोणी भगताकडे नेतात, कोणी सोडा पाजतात. शुगर एकदम कमी झाली तरी घाम फुटतोच, म्हणून गोळ्या घेणाऱ्याला साखर चाटवून निजवले असेही होते. साखर द्यायला हरकत नाही, पण दहा-पंधरा मिनिटांत माणूस सावरला नाही, दम लागतच राहिला, तर १०८ ला फोन करायचा. आधी सकाळची वाट पाहायची नाही.

आपल्या एका मंडळीतल्या बांधवाची हकिगत सांगते. नाव, गाव सांगत नाही. त्यांची परवानगी आहे, पण घरात लग्नाच्या मुली आहेत. वय पन्नाशीच्या आसपास, आठ वर्षांपासून शुगर, बिडी लहानपणापासून. तीन दिवस "गॅस" म्हणून अंगावर काढल्यावर ईसीजी झाला तेव्हा अटॅक येऊन गेल्याचे कळले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मोठ्या शहरात ॲन्जिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. गावकरी त्याला स्प्रिंग म्हणतात. जाण्या-येण्याचा, राहण्याचा खर्च तुमच्यासारख्या दात्यांनी उचलला. ते परत आले तेव्हा मंडळीत आभाराची खास प्रार्थना झाली.

डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी विचारले होते, "बिडी-तंबाखू काही?" त्यांनी मान हलवून नाही म्हटले. शेजारी त्यांचे पाळकसाहेब उभे होते. हे बांधव मंडळीच्या पंचांपैकी एक. काही वर्षांपूर्वी उपवास-प्रार्थनेच्या मेळाव्यात, सगळ्यांसमोर, प्रभूने आपली बिडी सोडवली अशी साक्ष त्यांनी दिली होती. ती साक्ष त्या दिवशी खरीच होती. मला त्याविषयी शंका नाही. पुढे उसाच्या तोडीला गेल्यावर फडावर ती परत लागली. आता कबूल करायचे तर पंचपद जाईल, कदाचित प्रभुभोजनापासून दूर बसावे लागेल, आणि मुलांची मान खाली जाईल. म्हणून ते शेतात, नाल्याच्या काठी जाऊन ओढत. डॉक्टरांच्या कागदावर लिहिले गेले : धूम्रपान नाही.

त्या एका शब्दामुळे त्यांना बिडी सोडण्यासाठी मिळायची ती मदत मिळाली नाही. शिवाय स्प्रिंग बसली म्हणजे पाइप साफ झाला, या समजुतीने चार महिन्यांनी गोळ्याही सुटल्या. स्टेंटने एक अडथळा बाजूला होतो, बाकीच्या वाहिन्यांचे अस्तर तसेच खरबरीत राहते. मधुमेहात तर आजार एका जागी नसून वाहिनीभर पसरलेला असतो. म्हणून अशा रुग्णांच्या अनेक वाहिन्या अरुंद असतील तर डॉक्टर पुष्कळदा स्टेंटऐवजी बायपासचा सल्ला देतात. शिवाय स्टेंट ही धातूची बारीक जाळी. तिच्यावर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या डॉक्टर सांगतील तितके महिने, बहुधा वर्षभर, चुकवता येत नाहीत, आणि त्यांतली एक नंतरही चालूच राहते. यांची गोळी बंद, बिडी चालू, शुगर तीनशेच्या घरात. वर्ष भरायच्या आत स्टेंट बंद पडला. जीव वाचला, पण हृदय इतके अशक्त झाले की वरच्या शेतात ते आता जाऊ शकत नाहीत. ओट्यावर बसून खालच्या वाटेकडे बघत असतात. पायाचे एक बोटही काढावे लागले, कारण हृदयाच्या वाहिन्यांचे जे होते तेच पायाच्या वाहिन्यांचे होते. मधुमेह आणि तंबाखू मिळून पायाचा रक्तपुरवठा आटवतात. अनवाणी चालणाऱ्या माणसाला काटा लागलेला कळतही नाही.

दुसऱ्या खेपेला मात्र त्यांनी खरे सांगितले. पाळकसाहेब चहाला म्हणून स्वतःहून बाहेर गेले होते.

मला वाटते ते स्पष्ट लिहिते, काहींना रुचणार नाही. व्यसनमुक्तीची आपल्या मंडळ्यांची परंपरा मोलाची आहे. दारू-तंबाखू सुटून सावरलेली कितीतरी घरे मी पाहिली आहेत. शरीर हे देवाचे मंदिर आहे ही पौलाची शिकवण मीही स्त्रियांच्या सभेत देते. पण हृदयाच्या रुग्णाला बिडी लपवावी लागेल असे वातावरण आपण ठेवले, तर तो आधी पाळकापासून लपवतो, मग बायकोपासून, आणि शेवटी डॉक्टरांपासून. शिस्त कोणती लावायची ते मंडळीने ठरवावे. दवाखान्यातल्या प्रश्नाच्या वेळी मात्र रुग्णाजवळ मंडळीचे कोणी नसावे. आता आमच्याकडे ती रीतच केली आहे. डॉक्टरांना आधीच सांगतो, हा प्रश्न एकट्याला विचारा, आणि "पिता का?" असे न विचारता "दिवसाला किती होतात?" असे विचारा. उत्तर मिळते.

सोडल्याने फायदा किती? अटॅक येऊन गेलेल्यांनी धूम्रपान सोडले तर, चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत, त्यांच्या मृत्यूचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. वीस अभ्यास एकत्र करून २००३ साली हा निष्कर्ष निघाला. एका गोळीने एवढा फायदा झाला असता तर तिच्यासाठी आपण देशोदेशी वर्गणी गोळा केली असती. कार्बन मोनॉक्साइड तर दोन दिवसांत रक्तातून निघून जातो. वय झाले, आता सोडून काय उपयोग, असे म्हणणाऱ्या काकांना मी हेच सांगते. मात्र दहाच्या दोन केल्या म्हणजे सुटली असे नाही. हृदयाला थोडी बिडीही बरीच लागते. आणि बिडी सोडून तंबाखू-चुना धरणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. महाराष्ट्रात तर तोंडात धरायच्या तंबाखूचेच राज्य आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ४ टक्क्यांच्या आत होते, पण तोंडातली तंबाखू वापरणारे सुमारे २४ टक्के. बायकांची मिश्रीही त्यातच आली. ती दातांसाठी म्हणून लावतात, पण निकोटीन तेच.

सोडताना येणाऱ्या अडचणी आधीच सांगाव्यात, नाहीतर माणूस आठ दिवसांत परततो. पहिली तक्रार सगळ्यांचीच, आणि ती सांगताना बाप्ये लाजतात : बिडीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. निकोटीन आतड्यांना ढकलते, त्यांना ती सवय लागलेली असते. काही आठवड्यांत ती मोडते. तोवर उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी. दुसरी, भूक वाढते. बिडी भूक मारते, म्हणूनच तर मजूर ती धरतो. अर्धपोटी पाठ वाकवून काम करायचे तर दुसरा आधार काय? सोडल्यावर वजन थोडे वाढते, शुगरही काही काळ वर जाते, आणि मग "बिडी सोडली म्हणून शुगर वाढली" अशी बातमी पाड्यावर पसरते. हे तात्पुरते असते. हृदयाचा फायदा त्याहून कितीतरी मोठा. पण या काळात शुगर वरचेवर तपासून गोळीचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे लागते. चिडचिड, झोप न लागणे हे पहिले दोन-तीन आठवडे. निकोटीनचे च्युइंगम मिळते, पण हृदयाच्या रुग्णाने ते मनाने घेऊ नये. समुपदेशनासाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे, १८००-११-२३५६. ज्यांच्या पाड्यावर रेंज नाही त्यांना आमचा कार्यकर्ता आठवडी बाजाराच्या दिवशी फोन लावून देतो.

आणखी एक अडचण पाहुणचाराची. आपल्याकडे चार माणसे बसली की बिडी पुढे होते. नको म्हणणे म्हणजे माणसाला नको म्हणण्यासारखे. अशा वेळी "मी धर्माचा माणूस, पीत नाही" यापेक्षा "डॉक्टरांनी बंद केलीय, हृदयाला स्प्रिंग आहे" हे सांगितलेले लोक पटकन ऐकतात. कोणाचा अपमान होत नाही.

आपल्या भागाची एक खास बाब दात्यांपैकी डॉक्टर मंडळींच्या कानावर घालावीशी वाटते. गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी सगळीकडे प्रमाण मानतात. पण ती मोजते हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर, आणि आपल्या आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी लवकर मरतात. साखर चिकटायला त्यांना पुरेसे दिवसच मिळत नाहीत. मग अहवाल खोटाच चांगला येतो. नुसत्या वाहकांमध्येही आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. म्हणून शिबिराला येणाऱ्या डॉक्टरांना विनंती की सिकलसेलचे कार्ड विचारावे आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची शुगर बघूनच औषध ठरवावे.

आता पैशांविषयी. ऑपरेशनसाठी आवाहन केले की मदत लवकर येते, त्याबद्दल देवाचे आभार. दर महिन्याच्या गोळ्यांसाठी मागितले की तितकी येत नाही. ते स्वाभाविक आहे, कारण ऑपरेशनची एक गोष्ट होते आणि गोळ्यांची काहीच होत नाही. पण चांगल्या शोमरोन्याचा दाखला नीट वाचला तर त्याने जखमा बांधून माणसाला रस्त्यावर सोडले नव्हते. त्याला उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी पैसे देऊन सांभाळ करायला सांगितले, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असे कबूल केले. हृदयाच्या रुग्णाची सेवा या दुसऱ्या भागातच जास्त आहे. शुगर-बीपीच्या साध्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत असतात. संपल्या की मात्र विकत घ्याव्या लागतात. रक्त पातळ करणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचेही तसेच.

सगळ्यात कठीण काळ दिवाळीनंतरचा. तेव्हा अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातकडे निघतो आणि उन्हाळ्यात परततो. तिथे मुकादमाला सुट्टी मागून दवाखाना गाठायचा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. बिडी मात्र फडावरच्या टपरीवर उधार मिळते. म्हणून गेल्या हंगामापासून निघण्याआधीच्या आठवड्यात आम्ही शुगर आणि हृदयाच्या रुग्णांना बोलावतो. शुगर, बीपी, पाय तपासतो आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे तीन महिन्यांच्या गोळ्या पिशवीत भरून देतो. वाचता येत नाही त्यांच्यासाठी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढलेले असतात. सोबत जुना ईसीजी आणि डिस्चार्जचा कागद प्लास्टिकमध्ये घालून, कारण परक्या गावी छातीत कळ आली तर तिथल्या डॉक्टरला आधीचे काही कळायला हवे. उरलेल्या महिन्यांच्या गोळ्या नाताळनंतर कार्यकर्ते फडावर जाऊन पोचवतात.

या वर्षीच्या पिशव्यांसाठी शुगर तपासायच्या पट्ट्या, मऊ तळाच्या चपला आणि गोळ्यांची कापडी पाकिटे लागणार आहेत. महिला संघांनी पाकिटे शिवून पाठवायची तयारी दाखवली तर माप कार्यालयातून कळवू. सूर्य पिवळ्या दोऱ्याने भरावा, चंद्र पांढऱ्या. दिव्याच्या उजेडात निळा दिसत नाही.